एकदाच वाजणारी तबकडी

आमचे काका आवाजाला घाबरतात. ज्या माणसाने चाळीस वर्षं आवाजाची यंत्रं दुरुस्त केली तो आवाजालाच घाबरतो म्हटल्यावर लोक हसतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही हसले होते, अर्थात तोंड फिरवून.

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. मागच्या खोलीत एक पलंग, एक लांब टेबल आणि भिंतभर फळीवर मांडलेली यंत्रं, एवढाच त्यांचा संसार. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतील. दूध तापत असलं की दहा मिनिटं आधीपासून गॅसपाशी उभे. जिना उतरणाऱ्या कुणालाही, ओळखीचा असो नसो, "जपून हां" म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नाही. त्यामुळे गल्लीत त्यांचं नावच 'जपून' पडलंय. कोपऱ्यावरचा दुकानदार सासूबाईंना विचारतो, "काय, जपून कसे आहेत?" सासूबाई म्हणतात, "जपूनच आहेत."

गाणी ते रोज ऐकतात. पण इतक्या बारीक आवाजात, की दारात उभं राहून कळत नाही, यंत्र चालू आहे की काका नुसते बसलेत. "भावजींच्या गाण्यापेक्षा माझे गुडघे जास्त वाजतात," असं सासूबाई म्हणतात. दुकान होतं तेव्हाही त्यांची हीच तऱ्हा. गिऱ्हाइकाचा अँप्लिफायर मीटर लावून तपासायचा, काट्यावरून दुरुस्त करायचा, आणि स्पीकरला न जोडताच परत द्यायचा. "घरी जाऊन लावून बघा, नाही चालला तर आणा." बहुतेक चालायचा. हात चांगला होता. फक्त आवाज व्हायच्या वेळी तिथे थांबायची तयारी नव्हती.

असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारी दिवे गेले होते आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकले, त्यातलं घरात कुकरपुरतंच उपयोगी पडलं. पण काकांना मात्र त्यामुळे वाटतं की सूनबाईला हे समजेल.

"टर्नटेबलवर रेकॉर्ड फिरते तेव्हा सुईचा आवाज म्हणजे मुंगीचं बोलणं," काका म्हणाले. "ते तसंच पुढे दिलं तर कुणाच्या कानावर पडणार नाही. म्हणून मध्ये फोनो स्टेज, ती माझी छोटी डबी बघतेस ना, ती. ती मुंगीला माणसाचा आवाज देते. मग तो माणूस जातो प्रीअँपमध्ये, म्हणजे मोठ्या डब्यात. प्रीअँपच्या पाठीला सॉकेटच्या पाच जोड्या आहेत. चार साध्या. पाचवी थेट टर्नटेबलसाठी, तिच्या पोटात अशीच एक डबी आधीच बसवलेली असते. आता ती जुनी झाली, खरखरते, म्हणून आपण बाहेरची वापरतो. बाहेरच्या डबीची वायर जायची साध्या जोडीत. ती चुकून त्या पाचवीत गेली, तर मुंगी दोनदा मोठी होते."

"चष्म्यावर चष्मा लावल्यासारखं?"

"चष्म्यावर चष्मा लावला तर डोकं दुखतं गं. इथे भिंत हलते."

शेंगेतले दाणे त्यांनी वाटीत टाकले आणि पुढची शेंग हातात तशीच धरून बसले.

ती भिंत हलली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, एका उस्तादांकडे काम शिकत होते. एका यंत्रात बारीक सुरसुर येत होती. ती शोधायला उस्तादांनी आवाजाचं बटण पूर्ण वर केलं आणि गुडघ्यांवर बसून डावा कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. "लाव रे," म्हणाले. काकांनी यंत्रामागे हात घातला, हाताला जी जोडी लागली तिच्यात वायर खोचली. "आवाज झाला असं म्हणता येत नाही," काका म्हणाले. "खोलीवर काहीतरी पडलं असं वाटलं." उस्ताद कानावर हात ठेवून बसून राहिले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. तो कान पुढे कधीच परत आला नाही.

त्यानंतर उस्तादांनी दुकानात दोऱ्याची पद्धत काढली. वायरीच्या टोकाला जो रंग, सॉकेटच्या जोडीला तोच रंग. "अक्षर वाचायला उजेड लागतो, चष्मा लागतो. दोरा नुसता बघायचा." काम सोडताना त्यांनी आपल्या हाताने बांधलेला प्रीअँप काकांना दिला. पाठीवर एक अक्षर नाही, झाकण रिव्हेट मारून कायमचं बंद. देताना म्हणाले, "कान माझा गेला रे, पण हात तुझा गेला."

तोच प्रीअँप काकांच्या फळीवर आहे. त्याच्या पाठीला सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातले पाच रंगांचे दोरे आहेत, आकाशी त्या पाचव्या जोडीला. काकांनी कधी मोजलं नाही की कोणती जोडी कितवी. दोरा बघायचा, वायर लावायची.

तर अशा या माणसाकडे मागच्या महिन्यात सिस्टर आल्या.

सिस्टर दोन गल्ल्या सोडून राहतात. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होत्या. आता पंच्याहत्तरी ओलांडलीय, पण ताठ चालतात आणि समोरच्याला पेशंट समजूनच बोलतात. पिशवीतून त्यांनी उशीचा अभ्रा काढला आणि अभ्र्यातून एक काळी तबकडी. ताटलीएवढी, नेहमीच्या रेकॉर्डपेक्षा जड.

"ही माझी आई," त्या म्हणाल्या.

त्या अडीच वर्षांच्या असताना आई गेली. त्याआधी कधीतरी वडिलांनी दोघींना एका प्रदर्शनात नेलं होतं. तिथे एक यंत्र होतं: समोर बोलायचं आणि तिथल्या तिथे तबकडी कोरून मिळायची. घरी वाजवायला काही नव्हतं. पुढे वडीलही गेले. एका दुकानदाराने हात लावायला नकार दिला, दुसऱ्याने ठेवून जा म्हटलं, तर यांनी ठेवली नाही. फोटो दोन आहेत. आवाज कसा होता, हे सांगणारं आता कुणी नाही.

काकांनी तबकडी खिडकीशी नेली. भिंग लावून कितीतरी वेळ बघितली. आत ॲल्युमिनियमचा पत्रा, वर काळ्या रंगासारखा थर, आणि आवाज कोरलेला त्या थरात. कडेला थराला भेगा पडल्या होत्या, एका ठिकाणी पापुद्रा उचलला गेला होता.

"सुई फिरली की हे निघत जाणार," काका म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "एकदा वाजेल. फार तर एकदाच. त्याच वेळी रेकॉर्ड करून घ्यायचं. तेव्हा काही चुकलं तर..."

"तर माझ्याकडे आज जेवढं आहे तेवढंच राहील," सिस्टर म्हणाल्या. "नाही का?"

"नाही," काका म्हणाले. "आज ही आहे."

ते नाही म्हणणार अशी माझी खात्री होती. नाही म्हणाले असते तर त्यांना कुणी दोष दिला नसता. पण त्यांनी तबकडी अभ्र्यात घातली, परत दिली आणि म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी या. चार वाजता. उजेड चांगला असतो."

तो आठवडा घरात परीक्षा असल्यासारखा गेला. काकांनी प्रत्येक वायर पुसली. रविवारी साध्या रेकॉर्डवर सगळं तपासलं. डबी, प्रीअँप, रेकॉर्डर, सगळं ठीक. मग ती सुई काढून जाड सुई बसवली, कारण असल्या जुन्या तबकड्यांची खोबण रुंद असते. तिचं वजन जुळवायला अडीच दिवस लागले. त्या सुईवर लावून बघता येईल अशी दुसरी तबकडी आमच्याकडे नव्हती. "चालू झालेल्याला आता हात लावायचा नाही," काका म्हणाले, आणि जेवताना आम्हा सगळ्यांसमोर खरोखर हात जोडले. "त्या फळीकडे कुणी जाऊ नका." मी मान डोलावली. चांगली आठवते मला ती मान.

गुरुवारी काका नाश्ता करून दाढी करायला गेले. सासूबाई खोलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "उद्या बाहेरची बाई येणार. ती जळमटं बघून म्हणेल, या घरात दोन बायका आहेत की दोन खांब?"

फळीमागे खरंच जळमटं होती. मी यंत्रांना हात लावणार नव्हते, फक्त मागून कोरडं फडकं फिरवणार होते. फडकं कशात तरी अडकलं, मी ओढलं, आणि डबीची वायर प्रीअँपमधून निसटून माझ्या हातात आली. फडक्याबरोबर दोन दोरेही आले. एक पोपटी, एक आकाशी.

मी घाबरले नाही, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. वायरीच्या टोकाला पोपटी दोरा होता. म्हणजे पोपटी जोडी साधी. आकाशी ती पाचवी, पोटात डबी असलेली, जिच्यात काही लावायचं नाही. दोन्ही जोड्या शेजारी शेजारी. मी पोपटी दोरा बांधला, शेजारी आकाशी बांधला, वायर पोपटीत लावली, आणि काकांचा पंखा बंद करून बाहेर आले. सगळं जागच्या जागी.

अकरा वाजता मला पूर्ण खात्री होती. पोळ्या लाटताना एकदा वाटलं, पोपटी डावीकडे होता की उजवीकडे? डावीकडेच. संध्याकाळी कपडे घडी करताना पुन्हा वाटलं. मग ते गॅससारखं झालं. घराबाहेर पडल्यावर 'गॅस बंद केला का' असा विचार एकदा आला की मग आपण बटण फिरवल्याचं जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते आजचं की कालचं, हे सांगता येत नाही. शुक्रवारी सकाळी खात्री अर्धी उरली. दुपारी काका आंघोळीला गेल्यावर मी गुपचूप फळीमागे डोकावले. पोपटीला पोपटी, आकाशी मोकळा. सगळं जुळत होतं. जुळणारच, मीच जुळवलं होतं. दोरे जुळत होते, पण ते ज्या जागी होते त्या जागा बरोबर होत्या का, हे मला सांगणारं तिथे काहीच नव्हतं.

सांगायला हवं होतं. तेव्हाच. पण काकांनी त्या दिवशी दोन घास खाऊन ताट सारलं होतं. पाण्याचा पेला उचलताना त्यांचा हात इतका थरथरत होता, की सासूबाईंनी पेला खालून धरला. अशा माणसाला 'मी तुमच्या वायरी काढल्या' कसं सांगू? शिवाय बरोबरच असेल की. असेलच. मी सिस्टरांसाठी कप विसळायला घेतले.

चार वाजता त्या आल्या. नीट विंचरलेले केस, इस्त्रीची साडी, अभ्रा छातीशी. "बसा, आधी चहा घ्या," मी म्हटलं.

"चहा नंतर. ऑपरेशनच्या आधी कुणी खात-पीत नाही."

काका हसले नाहीत. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. आवाजाचं बटण शून्यावर आहे हे तीनदा बघितलं. रेकॉर्डरला बटणाशी देणंघेणं नव्हतं. प्रीअँपच्या आत जे येईल ते थेट त्याच्यात जाणार होतं. म्हणजे वायर चुकीच्या जोडीत असेल, तर बटण शून्यावर असूनही रेकॉर्डरमध्ये नुसता फाटलेला गोंगाट भरला जाणार. तो चुकलाय हे कळेपर्यंत सुईने थर उचललेला असणार. मला हे सगळं एकदम, लख्ख समजलं. पदार्थविज्ञान अशा वेळी आठवतं.

तबकडी फिरू लागली. काळ्या थरावर खिडकीचा उजेड गरगरत होता. काकांनी रेकॉर्डर चालू केला, तांबडा दिवा लागला. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी धरला आणि सुईचा दांडा उचलला. सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, तोंड किंचित उघडं. सुई तबकडीच्या कडेवर आली. बोटभर वर. अर्धं बोट.

"काका, थांबा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. काकांचा हात हवेत गोठला. मग हळूहळू, हळूहळू त्यांनी दांडा मागे नेला, खाचेत ठेवला, खिट्टी लावली, तबकडी थांबवली. तेवढं सगळं करून झाल्यावरच माझ्याकडे वळले.

मी सांगितलं. जळमटं, फडकं, दोन दोरे. सांगताना माझ्या हातात चहाचं फडकं होतं आणि मी ते पिळत होते.

"कोणते दोन?"

"पोपटी आणि आकाशी."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. ते भिंतीला धरून उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "भावजी, जळमटांचं मीच बोलले होते," पण त्यांनी ऐकलं नाही.

"हात जोडले होते मी," ते म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते फळीमागे गेले, विजेरी लावून बघत राहिले. बाहेर आले. "मलाही सांगता येत नाही. मी कधी जागा बघितलीच नाही. दोराच बघत आलो."

"मग पुन्हा कधीतरी येते," सिस्टर म्हणाल्या आणि अभ्र्याकडे हात नेला. आवाज अगदी सपाट होता. पण हात चुकून चहाच्या ट्रेवर गेला, आणि तेव्हा मला कळलं, की ही बाई चार वाजल्यापासून आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरलेली आहे.

काकांनीही ते बघितलं असावं.

"एक उपाय आहे," ते म्हणाले. "उस्तादांचा. डबीच्या तोंडाशी, जिथे सुईची वायर येते, तिथे बोट लावायचं. माणसाच्या अंगात घरातल्या विजेची गुणगुण असते, ती ऐकू येते. वायर साध्या जोडीत असेल तर बारीक गुणगुणेल. आणि त्या पाचवीत असेल..."

"तर भिंत हलेल," मी म्हटलं.

"तर भिंत हलेल. म्हणून आवाज केसभरच उघडायचा. माझा हात मागे असणार. बटणावर कुणीतरी लागेल."

कोण ते सगळ्यांना माहीत होतं.

मग त्या खोलीत जी तयारी झाली ती कुणी खिडकीतून बघितली असती तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. सासूबाईंनी दोन उशा आणल्या आणि स्पीकरांच्या तोंडाला घट्ट बांधल्या. काका सिस्टरांना म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

"मी? तीस वर्षं लोकांची पोटं उघडलेली बघितली, आणि बाहेर बसू?"

"मग निदान कानात कापूस घाला."

"तो आहे माझ्याकडे," सिस्टर म्हणाल्या आणि पर्समधून खरंच कापसाची गुंडाळी काढली. चौघांना पुरला. सासूबाईंनी एवढा कोंबला की नंतर चिमट्याने काढावा लागला.

टर्नटेबलची वायर काकांनी डबीतून काढली. फळीमागे वाकले. मला फक्त त्यांची पाठ आणि मानेवरचा घाम दिसत होता. मी बटणावर दोन बोटं ठेवली. गुळगुळीत, थंड बटण. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा माणूस या एका क्षणापासून लांब पळत होता, आणि मी फडकं फिरवून त्याला तिथे परत आणून उभं केलं होतं.

"केसभर," आतून आवाज आला.

मी केसभर फिरवलं. उशांमागून लगेच एक गरगर ऐकू आली, दूरवर कुणी पाण्याची मोटर लावावी तशी. अजून बोट लागलंही नव्हतं.

"काका..."

"ऐकतोय. थांब. खात्री करू."

त्यांनी बोट लावलं.

उशा हलल्या. खिडकीची काच, टेबलावरचे स्क्रू, माझे दात, सगळं एका सुरात थरथरलं. मी बटण मागे ओढलं, इतक्या जोरात की बोट मुरगळलं. फळीमागून काही हालचाल नव्हती.

"काका?"

काही नाही.

"भावजी!" सासूबाई ओरडल्या. कानातल्या कापसामुळे त्या त्याहून मोठ्याने ओरडल्या असतील.

"आहे," काका म्हणाले. "आहे मी इथेच." मग थोड्या वेळाने, "कान आहेत ना सगळ्यांचे?"

"माझे आहेत," सिस्टर म्हणाल्या. "सूनबाई, तुझे?"

मी मान हलवली.

म्हणजे मी चुकले होते. डाव्या-उजव्याची अदलाबदल केली होती. थांबा म्हणायला मला अजून एक श्वास लागला असता तर... तो विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

काकांनी वायर शेजारच्या जोडीत लावली. "पुन्हा," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज वेगळा होता, कामावरच्या माणसाचा. मी केसभर उघडलं. शांत. त्यांनी बोट लावलं. उशांमागे माशी गुणगुणावी एवढाच आवाज. "अजून," ते म्हणाले. मी वाढवलं. माशीचा भुंगा झाला, पण त्यापुढे नाही. "बास. हीच." त्यांनी दोरे सोडून पुन्हा बांधले, माझ्याकडून नाही, स्वतः. सुईची वायर डबीत लावली. उशा सोडल्या, बटण बारीक आवाजावर आणून ठेवलं. हात धुऊन आले.

या वेळी त्यांनी मनगट धरलं नाही. थरथर होतीच, पण ते थरथर थांबायची वाट बघत उभे राहिले, आणि दोन श्वासांच्या मधल्या जागेत सुई खाली ठेवली.

खरखर. खरखर. वाळू पाखडल्यासारखी. सुईमागे काळी बारीक भुकटी उडत होती. मग एका पुरुषाचा आवाज, लांबून: "बोला. दिवा लागलाय, बोला."

बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं, थर गेला, संपलं. मग एका बाईने श्वास घेतला. तोही ऐकू आला.

"काय बोलू?"

सिस्टरांनी खुर्चीचा हात पकडला.

"काहीही बोला," पुरुष म्हणाला.

"हिने आज सकाळी... ए, हात नको लावू. नको लावू म्हटलं ना, भाजेल. अहो, भाजत नाही ना ते? ये इकडे. ये, ये, ये. अशी. इथे बस."

कुणीतरी लहान मूल काहीतरी बोबडं बोललं. बाई हसली, पण घाईत.

"झालं?"

"अजून जागा आहे."

"नको," बाई म्हणाली. "पुरे. हिला भीती वाटतेय."

मग खर्रकन मोठा आवाज झाला. सुईने पापुद्र्याची एक लांब पट्टी उचलली होती आणि खालचा पत्रा चांदीसारखा चमकत होता. काकांनी दांडा उचलला. सगळं मिळून पाऊण मिनिट झालं असेल.

रेकॉर्डरचा तांबडा दिवा चालूच होता. काकांनी तो बंद केला आणि हात मागे घेतला. आलंय की नाही, ते लावून बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. माझी तर नव्हतीच.

सिस्टर उठल्या. कानातला कापूस त्यांनी केव्हाच काढला होता. चष्मा वर करून त्यांनी रेकॉर्डरची बटणं वाचली आणि एक दाबलं. खरखर आली. वाळू. "बोला. दिवा लागलाय, बोला." आणि तो श्वास.

पुढचं त्यांनी उभ्यानेच ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "आवाज जाड आहे हो. मला वाटायचं, नाजूक असेल. फोटोत फार नाजूक दिसते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मला नव्हती भीती वाटत. मी तर हात लावायला जात होते. तिलाच वाटत होती."

"यंत्रासमोर सगळ्यांनाच वाटते," काका म्हणाले.

"म्हणून माझ्यावर ढकललं." सिस्टर हसल्या, आणि हसता हसता पदराने नाक पुसलं. "पुन्हा लावू का? आता चालेल ना? झिजणार नाही ना हे?"

"नाही. आता कितीही लावा."

त्यांनी दाबलं. मग मान तिरकी करून म्हणाल्या, "तुम्ही लोक इतकं हळू का ऐकता? मला नीट येत नाही."

मी बटणाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. त्यांचा हात पुढे आला आणि बटणापाशी थांबला.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"अजून. बराच."

काकांनी स्वतः बटण फिरवलं, मी या घरात कधी पाहिलं नव्हतं एवढं, आणि "काय बोलू?" असं ती बाई आमच्या खोलीत, आमच्यातल्या कुणाहीपेक्षा मोठ्याने म्हणाली.